केबिन बॅग भरताय नं? मग आधी रिकामी बॅग काट्यावर टांगा

दिवाळीच्या आधी मावशीला पुण्याला मुलाकडे पाठवायचं होतं, पहिलीच विमानवारी. नागपुरात बर्डीवर जाऊन तिने नवीन ट्रॉली घेतली, चार चाकं, जाड कापड, आतमध्ये कप्पेच कप्पे, आणि दुकानदाराने सांगितलं की केबिन साइज आहे ताई, डोळे मिटून घेऊन जा. मी सहज ती रिकामी बॅग काट्याला टांगली तर ३ किलो ६०० ग्रॅम. म्हटलं मावशी, अर्धं वजन तर बॅगनेच खाल्लं. तर म्हणते, "अरे पण मजबूत आहे नं!"

मजबूत आहेच, पण विमानात मजबुतीचे मार्क नाही मिळत. केबिन बॅगेला मिळतात ७ किलो, आणि ७ किलो म्हणजे बॅगसकट ७ किलो. म्हणून कपडे काढायच्या, यादी करायच्याही आधी पहिलं काम हे, रिकाम्या बॅगेचं वजन. दोन सव्वादोन किलोच्या आत असेल तर ठीक, तीनच्या वर गेली तर ती बॅग चेक-इनसाठी, म्हणजे काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानासाठी ठेवा आणि केबिनसाठी साधी कापडी डफल नाहीतर कॉलेजच्या पोराची सॅक घ्या, ती ७०० ग्रॅमचीही नसते. लटकवायचा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळून जाते. नसेल तर बॅग हातात घेऊन माणसं मोजायच्या काट्यावर उभे राहा, मग बॅग खाली ठेवून पुन्हा उभे राहा, वजाबाकी करा. मावशी या पद्धतीला तयार नव्हती कारण पहिला आकडा सगळ्या घरासमोर वाचला जाणार होता, म्हणून मग बॅग मी उचलली.

आता नियम. आपल्याकडे इकॉनॉमीच्या माणसाला दोन गोष्टी हातात नेता येतात. एक केबिन बॅग, जी डोक्यावरच्या कप्प्यात जाते. दुसरी छोटी वस्तू म्हणजे लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची बॅग, जी समोरच्या सीटखाली सरकवायची. इंडिगोचं उदाहरण घ्या, केबिन बॅग ७ किलो, आणि लांबी रुंदी उंची तिन्ही मिळून ११५ सेंटिमीटर, शिवाय पर्स किंवा छोटी लॅपटॉप बॅग ३ किलोपर्यंत. ११५ म्हणजे साधारण ५५ बाय ३५ बाय २५, काही ठिकाणी ५५ बाय ४० बाय २० लिहिलेलं दिसते, बेरीज तीच. विमानतळाची सुरक्षा पाहणारं बीसीएएस म्हणजे ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी, त्यांचंही म्हणणं एका माणसामागे हातातली बॅग एकच, आणि त्या एका बॅगेशिवाय काय चालते त्याची त्यांची जुनी यादी आहे, त्यात लेडीज हँडबॅग, लॅपटॉप, कॅमेरा, छत्री किंवा काठी, ओव्हरकोट, वाचायचं पुस्तक, लहान बाळाचं खाणं, औषधं, कुबड्या, घडीची व्हीलचेअर हे सगळं येते. पण यादीत आहे म्हणून हे सगळं एकदम गळ्यात अडकवून काउंटरवर जाल तर तिथला माणूस वाद घालतोच, आणि त्याच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि मिठाईच्या दुकानाची थैली, ती वेगळी धरली जात नाही बरं का. "हे तर फक्त संत्रा बर्फी आहे" असं म्हणून चालत नाही, तिसरा नग तो तिसरा नग. म्हणून केबिन बॅगमध्ये वर बर्फीच्या डब्याएवढी जागा मोकळी सोडूनच घरून निघा.

माप घेताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात, चाकं. लेबलवर २० इंच लिहिलं असते ते बऱ्याचदा नुसत्या पेटीचं माप असते, कंपनी मात्र चाकं आणि वरचं हँडल धरून मोजते. बॅग भिंतीला टेकवून उभी करा, जमिनीपासून हँडल आत दाबलेल्या टोकापर्यंत टेप लावा. दुसरं म्हणजे ती फुगवायची चेन, जी उघडली की बॅग चार-पाच सेंटिमीटर जाड होते, ती केबिन बॅगेवर असेल तर तिच्याकडे पाहूच नका, कारण एकदा उघडली की परत बंद होत नाही, हे आम्ही मावशीच्या पलंगावर बॅगेवर बसून सिद्ध केलं आहे.

आता भरायचं कसं. माझा हिशोब साधा आहे, छोटं पण जड ते पर्समध्ये किंवा लॅपटॉप बॅगेत, मोठं पण हलकं ते केबिन बॅगेत. लॅपटॉप, त्याचा चार्जर, पॉवरबँक, औषधं, चष्मा, कागदपत्रं, सोनं हे सगळं सीटखालच्या बॅगेत टाकलं की तिथेच तीन किलो होऊन जातात आणि वरच्या बॅगेवरचा भार उतरतो. साड्या, ड्रेस, टॉवेल वर. सगळ्यात जड बूट घालून जा आणि थंडीचं जॅकेट अंगावर. जॅकेटच्या खिशात चार्जर कोंबणारेही लोक आहेत, मी नाव घेत नाही, पण आमच्याच घरातले आहेत.

पॉवरबँकवर जरा थांबा कारण गोंधळ इथेच जास्त होते. पॉवरबँक चेक-इनमध्ये टाकायचीच नाही, कायम हातातल्या सामानात. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कोणीतरी पाहते, विझवते, खाली सामानाच्या कप्प्यात पेटली तर कोणाला कळणार? म्हणून चेक-इनच्या बॅगेत ती एक्सरेत दिसली की बॅग अडवतात, बॅगवाल्याला शोधत बसतात, आणि इकडे तुम्ही चहा पिऊन राहिले असता. मर्यादा १०० वॉट-अवरची. पॉवरबँकवर एमएएच लिहिलेलं असते, त्याला हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा. १०,००० वाली ३७ होते, २०,००० वाली ७४, दोन्ही बिनधास्त. ३०,००० वाली १११ होते, १०० ते १६० च्या मधात विमान कंपनीची आधी परवानगी लागते, १६० च्या वर नाहीच. आकडा पुसला गेला असेल तर समोरचा माणूस मोजत बसणार नाही, ठेवून घेईल, तेव्हा अशी जुनी पॉवरबँक घरीच राहू द्या. आणि बसल्यावर ती वरच्या कप्प्यात नाही, आपल्याजवळ ठेवा.

आता नागपूरवाल्यांचा खरा विषय, खाण्याचं सामान. आपल्याकडून कोणी रिकाम्या हाताने जात नाही आणि रिकाम्या हाताने गेलेला पाहुणा पोहोचल्यावर कसा दिसते ते सगळ्यांना माहीत आहे.

संत्री केबिनमध्ये चालतात, देशातल्या देशात काही अडचण नाही. पण डझनभर संत्र्याचं वजन दीड-पावणेदोन किलो होऊन जाते, म्हणजे ७ किलोतला पाव हिस्सा. चेक-इनमध्ये टाकली तर खालचा थर पुण्यात रस होऊन निघते, म्हणून हातात न्यायची असतील तर सहाच न्या आणि कपड्याच्या मधोमध ठेवा. चिवडा, करंज्या, शंकरपाळे, बर्फी हे कोरडं सगळं हातात चालते. लाडवाचा स्टीलचा डबा मात्र घरी ठेवा, रिकामा डबाच अर्धा किलोच्या आसपास भरते, प्लास्टिकच्या डब्यात द्या.

सावजी मसाला आणि भिवापुरी तिखट, हे केबिनमध्ये नाही. तिखटाची पूड डोळ्यात फेकता येते म्हणून सुरक्षावाले ती हातातल्या सामानातून काढून घेतात, आणि मसाल्यात तिखट किती आहे याची चव घेऊन ते ठरवत नाहीत. दुहेरी पिशवी, वरून टेप, आणि सरळ चेक-इनमध्ये. मिरचीचं लोणचंही तसंच, आणि खरं सांगायचं तर तेल सुटणारं कुठलंही लोणचं आणि तूप हातात नेऊच नका, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बरणीत, तोंडावर प्लास्टिक कागद लावून चेक-इनमध्ये टाका. काचेची बरणी नको, पुढचं तुम्हाला कळतेच.

नारळाचं गणित उलटंसुलटं आहे. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतल्या, म्हणजे डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातल्या, नारळासाठी २० जानेवारी २०२५ पर्यंत खास सूट द्यावी लागली होती, त्यावरून समजा. आणि सुकं खोबरं तेलकट असल्यामुळे पेटते म्हणून ते चेक-इनमध्ये बंद. देवाचा प्रसाद म्हणून नारळ द्यायचाच असेल तर तिथे पोहोचून विकत घ्या, देव समजून घेते. कापूर, काडेपेटी, लायटर तर हातातही नाही आणि खालीही नाही.

आपल्या सोनेगावच्या विमानतळावरून बाहेरदेशी जाणारे बहुतेक दोहा नाहीतर शारजामार्गे जातात, त्यांच्यासाठी वेगळं. कतार एअरवेजमध्ये इकॉनॉमीला ७ किलोच, पण माप ५० बाय ३७ बाय २५ सेंटिमीटर. म्हणजे जी ५५ ची ट्रॉली मुंबई-पुण्याला बिनबोभाट जाते ती तिथे पाच सेंटिमीटरने मोठी ठरते. एअर अरेबियात १० किलो मिळतात, पण ते मोठी बॅग आणि छोटी बॅग दोन्ही मिळून, मोठी ५५ बाय ४० बाय २०, छोटी २५ बाय ३३ बाय २०. आणि परदेशाचं तिकीट असलं की पाणी, क्रीम, शाम्पू, टूथपेस्ट सगळं १०० मिलीच्या बाटल्यांमध्ये, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २०० मिलीच्या बाटलीत पाव शाम्पू उरला आहे हे चालत नाही, बाटलीवरचा आकडा पाहतात, आतला नाही.

पुढे अमेरिका-युरोपात पोराकडे जाणार असाल आणि तिथे आतल्या आत विमानाने फिरणार असाल तर खेळच बदलते. इथे काटा भारी, तिथे टेप भारी. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या अमेरिकेतल्या विमान कंपन्यांमध्ये केबिन बॅगेचं माप २२ बाय १४ बाय ९ इंच पाहतात. पण युनायटेडच्या बेसिक इकॉनॉमीत, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटात, अमेरिकेतल्या आतल्या फ्लाइटला ती मोठी केबिन बॅग मिळतच नाही, फक्त सीटखालची, १७ बाय १० बाय ९ इंचांची. युरोपात रायनएअरच्या साध्या तिकिटात फक्त सीटखालची ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरची बॅग फुकट, इझीजेटमध्ये ४५ बाय ३६ बाय २०. वरच्या कप्प्यातल्या ट्रॉलीचे पैसे वेगळे, आणि ते गेटवर भरले तर कधीकधी तिकिटापेक्षा जास्त होतात. तेव्हा तिकीट काढतानाच पाहा. तिकडे जाताना बेसन, सत्तू, भाजणी केबिनमध्ये ठेवू नका, अमेरिकेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असली तर वेगळी तपासणी होऊ शकते, सत्तू काय असते हे तिथल्या माणसाला समजावून सांगण्यात वेळ जाते. ताजी संत्री तर अमेरिका-ऑस्ट्रेलियाला नेऊच नका.

विमानतळावर वेळ हातात ठेवा. इंडिगोचा देशातल्या फ्लाइटचा चेक-इन काउंटर १ तास आधी बंद होते, आणि वजन जास्त निघालं तर बॅग उघडून सामान इकडचं तिकडे करायला पंधरा मिनिटं सहज जातात. जास्तीच्या वजनाचे पैसे भरायचेच असतील तर घरून आधी ऑनलाइन भरा, काउंटरवर महाग पडते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती ही. फ्लाइट भरलेली असली किंवा पंख्यावालं छोटं एटीआर विमान असलं, की वरचे कप्पे पुरत नाहीत आणि नियमातली बॅगही गेटवर मागून घेतात आणि खाली सामानाच्या कप्प्यात टाकतात. मागच्या वर्षी माझी अशीच घेतली, मी हो म्हणून देऊन टाकली, आणि सीटवर बसल्यावर आठवलं की बाबांची बीपीची गोळी त्यातच आहे आणि पॉवरबँकसुद्धा. धावत परत गेलो, बॅग शिडीजवळ उभीच होती, नशीब. तेव्हापासून गोळ्या, पॉवरबँक, चाव्या, पैसे हे एका छोट्या पाऊचमध्ये, आणि ते पाऊच बॅगेत सगळ्यात वर, मागितली की एका हाताने ओढून काढता आलं पाहिजे. आणि तुमची सीट पहिल्या रांगेत किंवा इमर्जन्सी दाराजवळ असली तर सीटखाली काही ठेवू देत नाहीत, पर्ससुद्धा वर जाते, म्हणून चष्मा आणि फोन खिशात.

मावशीचं काय झालं विचाराल तर ट्रॉली चेक-इनला गेली, हातात जुनी सॅक, ६ किलो ४०० ग्रॅम, तिखट खाली, बर्फी वर, सगळं बरोबर. सिक्युरिटीत मात्र पर्स बाजूला काढली. माणसाने आत हात घालून पानाच्या डब्याखालून पितळी अडकित्ता काढला, तिच्या सासूचा. मावशीला वाटलं हे काय शस्त्र आहे का, पण धार ती धार. ती बाहेर आली, आम्ही अजून पार्किंगमध्येच होतो म्हणून तो आमच्या हातात दिला आणि सुपारी मात्र घेऊन गेली, पुण्यात म्हणे दगडाने फोडीन.