सॅटेलाइट डेटा लँड मॉडेलमध्ये घालताय? ठाण्यात या चुका हमखास होतात

सॅटेलाइटचं सॉइल मॉइश्चर (मातीतला ओलावा) टाकलं की लँड मॉडेल, म्हणजे जमिनीतल्या पाण्या-उष्णतेचा हिशोब करणारं मॉडेल, आपोआप सुधारेल असं धरून बसू नका, बरेचदा आधीपेक्षा बिघडतं आणि मग सगळे मॉडेलच्या नावाने बोटं मोडतात.

आधी पिक्सेल बघा. नासाच्या स्मॅप सॅटेलाइटचा रेडिओमीटर (जमिनीतून येणारे मायक्रोवेव्ह मोजणारं यंत्र) एका वेळी जवळपास ४० किमीचा भाग बघतो, डेटा ९ किमीच्या ग्रिडवर मिळतो म्हणून तेवढं बारीक दिसतं असं अजिबात नाही. आणि ४० किमीत आपल्याकडे काय काय येतं, तर खाडी, खारफुटी, येऊरचं जंगल, घोडबंदरचे टॉवर, वर थोडा समुद्रही. पाण्यामुळे ब्राइटनेस टेंपरेचर (त्या मायक्रोवेव्हची तीव्रता) खाली येतं आणि अल्गोरिदमला वाटतं माती भिजलीय. भर मे महिन्यात ऐरोली ओली दिसली तर ती खाडी आहे, माती नाही. क्वालिटी फ्लॅग (डेटासोबत येणारे दर्जाचे शेरे) लावा, किनारपट्टी सरळ मास्क करा म्हणजे वगळा आणि शहापूर-मुरबाडपासून सुरुवात करा. तिकडेही जुलैत लावणीनंतर खाचरात पाणी उभं असतं आणि मॉडेलला खाचर हा प्रकारच माहीत नसतो, तेवढे आठवडे वगळलेले बरे.

सगळ्यात महागात पडते ती बायस (कायम एकाच बाजूची चूक) न काढता असिमिलेशन, म्हणजे सॅटेलाइटचा डेटा मॉडेलमध्ये मिसळणं, करायची घाई. सॅटेलाइट वरचे ५ सेमी बघतो, नोआ या लँड मॉडेलचा पहिला थर १० सेमीचा, सरासरी जुळणार कशी? डेटा मिसळणारा कालमन फिल्टर चूक रँडम आहे असं गृहीत धरतो, त्यामुळे सॅटेलाइट कायम जास्त ओलं दाखवत असेल तर तो दर वेळी मातीत थोडं थोडं पाणी ओततच राहतो, रनऑफ (जमिनीवरून वाहून जाणारं पाणी) फुगतो आणि आपण पावसाच्या डेटावर खापर फोडतो. ऑब्झर्वेशन वजा फोरकास्टचा ग्राफ काढा, तो शून्याच्या एकाच बाजूला बसला असेल तर थांबा. सीडीएफ मॅचिंग करा (सॅटेलाइटच्या आकड्यांचं वितरण मॉडेलच्या वितरणाशी जुळवून घेणं), पण उन्हाळा आणि पावसाळा वेगवेगळा. मात्र जास्त केलं तर उन्हाळी सिंचनाचा खरा सिग्नलही पुसला जातो, हेही आहेच.

अ‍ॅसकॅट हा सॅटेलाइटवरचा रडार टक्क्यांत सॅच्युरेशन (माती किती भरलीय ते) देतो, पोरॉसिटीने (मातीतल्या पोकळीच्या प्रमाणाने) गुणल्याशिवाय वापरू नका. डेटातली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपला साडेपाच तासांचा फरक विसरू नका.

मोडिस या सॅटेलाइटवरच्या सेन्सरच्या एलएआयमध्ये (पानांच्या दाटपणाच्या आकड्यात) जुलैत येऊर अचानक बोडकं दिसलं तर झाडं गेलेली नाहीत, ढग आलेत. आणि लँड कव्हर (कुठे जंगल, शेत, शहर याचा नकाशा) कधीचं आहे ते बघा, डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलचा जुना यूएसजीएस (अमेरिकी भूसर्वेक्षण संस्था) नकाशा १९९२-९३ च्या डेटावरचा आहे, त्यात आजचं खारघर शोधत बसाल, आणि उलव्याची तर टेकडीच सपाट करून तिथे विमानतळ झालाय.