यंदा देखावा समुद्रतळाचा: आधी एवढं जमवा

विषय एकदाचा ठरलाय. खोल समुद्रातले उकळते झरे आणि त्यांच्या कडेची जीवसृष्टी. पाण्याखालचं म्हणजे जलपरी नि शिंपल्यातला बाप्पा, असं ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी ते तालमीच्या पायरीवर ठेवूनच आत यायचं.

पहिल्यांदा अंधाराची सोय. समुद्रात हजार मीटरच्या खाली उन्हाचा कवडसाही पोचत नाही, आणि आपले झरे अडीच हजार मीटरवर. तेव्हा काळं कापड गांधीनगरातून ठोकात घ्या आणि आतून दोन पदरी लावा; एका पदराला शिवणीतून रस्त्यावरचा दिवा डोकावतो. लायटिंगवाल्यानं माळा बाहेरच्या कमानीवर हव्या तेवढ्या सोडाव्यात, आत एकही नको. आत एकच फिरता झोत. झोत जाईल तेवढंच दिसायचं. 1977 साली प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ पाणबुडीतून उतरलेल्यांनी हे जग असंच तुकड्यातुकड्यांनी पाहिलं. ते गेले होते खडक नि गरम पाणी शोधायला. मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. सापडलेले जीव टिकवायला रसायन पुरेना म्हणून व्होडका वापरली. हा किस्सा निवेदनात घालायचा नाही, बाप्पासमोर बरं दिसत नाही.

झऱ्यांच्या तोंडाशी उभी राहतात ती धुराडी तीन करा. सांगाडा उद्यमनगरात वेल्डिंग करून घ्या, वरून गोणपाट नि चिकणमाती. थर्माकोल आणायचा नाही. गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखी सरळसोट नकोत. खडबडीत, फाटे फुटलेली हवीत. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून आत मुरतं, खालच्या शिलारसानं तापतं, वाटेतले धातू नि गंधक विरघळवून वर उसळतं. बाहेरचं पाणी दोनेक अंश सेल्सिअस, हे साडेतीनशेच्या पुढं. गाठ पडताच विरघळलेलं सगळं काळी भुकटी होऊन बाहेर पडतं आणि तेच साचून धुराडं वाढत जातं. म्हणजे तो धूर नाहीच. म्हणून गेल्या वर्षीचं धुराचं मशीनही नको. तो धूर शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला होता आणि त्यांनी आरतीला येणं सोडलं, ते अजून विसरलेलो नाही. त्याऐवजी काचेच्या पेटीत बर्फाचं पाणी भरा आणि काळी शाई घातलेल्या गरम पाण्याची छोटी बाटली अलगद तळाशी सोडा. शाईचा लोट कसा वर चढतो ते बघा, पोरं हलणार नाहीत.

नळीकिड्यांसाठी, म्हणजे झऱ्यांच्या कडेला नळीत राहणाऱ्या लांब किड्यांसाठी, पांढरे पाइप, लांबी दोन मीटरपर्यंत चालेल, खरेही तेवढे वाढतात. टोकाला लाल साटीनचा तुरा. रंग कुंकवाचा नको, रक्ताचा हवा, कारण त्या तुऱ्यात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. कुणी डोळे-तोंड रंगवलं तर पुसायला लावीन. मोठ्या किड्याला तोंडही नसतं नि आतडंही नसतं. अंगातले जिवाणू झऱ्याच्या पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात, त्यावर हा जगतो. मात्र ‘इथं सूर्याचा काडीचाही संबंध नाही’ असं ठोकून देऊ नका. त्या जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन वरच्या उजेडातल्या वनस्पतींनीच सोडलेला असतो.

या झऱ्यांपाशी राहणारी गोगलगाय विसरायची नाही, ती आपल्या हिंदी महासागरातली. 2001 मध्ये सापडली, पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले. कुंभाराकडून मातीचं अंग आणा आणि प्रेसच्या कारखान्यातून पंचिंगच्या भंगार टिकल्या मागून एकावर एक चिकटवा. ती धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, तेवढी पाटी लावा.

दाब दाखवायला साखरेची पन्नास किलोची पाच पोती आणि अंगठ्याच्या नखाएवढा लाकडी ठोकळा. अडीच हजार मीटरवर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीचशे किलो. पोती ठोकळ्यावर रचू नका, शेजारी ठेवा नि पाटी लावा. त्याच दाबामुळं एवढं तापूनही पाण्याची वाफ होत नाही. कुकरचं उदाहरण दिलं की बायाबापड्यांना लगेच कळतं.

आपल्याकडची बातमीही हवी. डिसेंबर 2024 मध्ये चेन्नई आणि गोव्याच्या सरकारी संस्थांच्या मोहिमेनं हिंदी महासागरात साडेचार हजार मीटरवरच्या जिवंत झऱ्याचे फोटो घेतले. खोल समुद्रात माणसं नेणारी ‘मत्स्य 6000’ पाणबुडी चेन्नईत तयार होतेय, तिघं बसतील. तिचा माणसं बसायचा गोल लहानच करा, तिघं कशी दाटीवाटीनं बसणार ते दिसू दे.

बाकी नेहमीचं: ताडपत्री, अर्थिंग, वाळूच्या बादल्या, आग विझवायचं नळकांडं, परवानग्या. अंधार आहे म्हणून कडेनं जाड दोरखंड बांधा आणि बाहेर पडायच्या वाटेवर दोन पोरं बॅटरी घेऊन उभी करा. घरगुती गणपती गेले की खेड्यापाड्यातनं गर्दी लोटते, त्याआधी रविवारी रात्री चाचणी. बर्फ कोण आणतंय ते आजच सांगा.