पीएस५ प्रो घ्यायच्या आधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मावशीकडे गेलो तर मावसभावाचं तोंड उतरलेलं. परदेशातून मागवलेला पीएस५ प्रो, म्हणजे सोनीच्या पीएस५ या गेमिंग कन्सोलची जास्त ताकदीची आवृत्ती, टीव्हीखाली मांडला होता, पण चित्र जुन्या पीएस५सारखंच. सेटिंग्जमध्ये ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’ उघडलं, तर तिथे १९२० × १०८० ठिपके, म्हणजे १०८०पी! केबल सरळ टीव्हीत नव्हतीच. मधे होम थिएटरचा जुना डबा होता आणि त्यातून ४के, म्हणजे त्याच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, पुढे जातच नव्हतं. केबल काढून थेट टीव्हीत खोचली, आकडा लगेच ३८४० × २१६० झाला. म्हणजे जुना पीएस५ही इतकी वर्षं त्याच डब्यातून अंधुक दिसत होता. हे आधी पाहिलं असतं तर कदाचित नवा घ्यावासाच वाटला नसता.

म्हणून हातातला कन्सोल पूर्ण ताकदीने दिसतोय का, ते आधी बघा. टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा (६० हर्ट्झ) बदलायचं तर एचडीएमआय २.० प्रकारचा पोर्ट पुरतो, १२० हर्ट्झला २.१ लागतो, आणि तो बऱ्याच टीव्हींवर एकदोनच ठिकाणी असतो. पोर्टची सेटिंगही चालू करावी लागते: सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’.

शार्पनेस वाढवणं ही तर घरोघरची चूक. सबटायटलच्या अक्षरांकडे जवळून बघा. कडेला पांढरी रेघ दिसली तर तो तपशील नव्हे, टीव्हीने वरून काढलेली किनार आहे. शार्पनेस खाली आणा. सोनीच्या टीव्हीवर मात्र ५० हा मधला आकडा, तो तसाच राहू द्या. गेम मोडही चालू ठेवा, म्हणजे बटण दाबल्यावर उशीर जाणवत नाही.

आता प्रोचं. ७ नोव्हेंबर २०२४ ला तो ६९९.९९ डॉलरला आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय. भारतात सोनीने तेव्हा आणला नाही, कारण त्यातल्या वाय-फायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे परवानगी नव्हती. बाहेरून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेल असं धरून चालू नका. आणि ४के तर साधा पीएस५ही देतो. फरक असा, की साध्यावर बऱ्याच गेममध्ये रेखीव चित्र सेकंदाला ३० फ्रेम्सवर (चित्रांवर) मिळतं. ६० हव्या असतील तर रेखीवपणा सोडावा लागतो. प्रो ही निवड बरीचशी मिटवतो. ग्राफिक्स ४५ टक्क्यांपर्यंत वेगाने होतं, असं सोनी सांगते, आणि पीएसएसआर हे तंत्र कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून सावरतं. पण गेमला प्रोसाठी अपडेट नसेल तर फारसं हाती लागत नाही. तुमच्या आवडत्या दोनतीन गेमना असा अपडेट आहे का, ते आधी शोधा. ६० फ्रेम्सवर खेळताना चित्र भुरकट वाटून तुम्ही चिडत असाल, तर प्रो तुमच्यासाठी आहे. ३० वर खुशाल खेळत असाल तर पैसे राखून ठेवा.

अंतराचं गणित बहुतेक जण विसरतात. चांगल्या नजरेच्या माणसाला ४३ इंची टीव्हीवर साधारण साडेपाच फुटांपलीकडून १०८०पीचे ठिपकेही वेगळे दिसत नाहीत. ५५ इंचीवर हे अंतर सात फुटांच्या आसपास. त्याहून लांब बसलात तर ४केचा फायदा दिसतच नाही. मावशीचा सोफा दहा फुटांवर होता. तो आम्ही दोघांनी ओढून पुढे आणला, आणि भाऊ आता डोळे बारीक न करता सबटायटल वाचतो.