माउसचं स्क्रोलिंग सुरळीत करायचं असेल, तर आधी काढा, मग घाला

पान धक्के देत सरकतंय म्हटलं की दोनच सल्ले ऐकू येतात: नवा माउस घे, नाहीतर स्मूद स्क्रोलिंगचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाक. पहिल्याची बहुतेक वेळा गरज नसते आणि दुसऱ्याने दुखणं वाढतं. स्क्रोलिंग मऊ करण्याचं काम एकाच ठिकाणी व्हायला हवं. दोन ठिकाणी झालं की बिघडलंच.

आधी दोष कुठे आहे ते बघा. लांबलचक मजकुराचं पान उघडा. चाक फिरवू नका. बटणासारखं दाबून सोडा आणि माउस किंचित खाली सरकवा. पान आपसूक वाहू लागेल. हे ऑटोस्क्रोल. फायरफॉक्समध्ये होत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘यूज ऑटोस्क्रोलिंग’ची खूण करा. यात चाकाच्या खाचांचा काहीही संबंध नसतो. एकाच ओळीवर नजर ठेवा. ती थरथरत, अडखळत वर जात असेल तर गडबड स्क्रीनच्या बाजूला आहे. ती छान सरकतेय आणि चाक फिरवल्यावरच धक्के बसतात, तर गडबड चाकाच्या बाजूला. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी कुणी सांगत नाही आणि लोक भलत्याच गोष्टीत आठवडा घालवतात.

स्क्रीनची बाजू सोपी आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, बघा. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असूनही तिथे ६० राहिलेले मी कितीदा तरी पाहिलेत. तिथेच ३० दिसत असेल आणि मॉनिटर ४के असेल, तर केबल किंवा पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४चा असू शकतो. डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.० वापरा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर’ दिसलं तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) बसलेलाच नाही, तो बसवा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स किंवा हार्डवेअर अॅक्सिलरेशन, म्हणजे चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारा पर्याय, चालू ठेवा.

आता अवघड भाग. इथे मी स्वतः बरेच दिवस अडकलो होतो. बोट थांबलं तरी पान पुढे तरंगत जायचं, वाचायची ओळ निसटायची आणि जड पानांवर मध्येच सगळं गोठायचं. मी ग्राफिक्स ड्रायव्हर दोनदा काढून घातला. कारण वेगळंच होतं: ब्राउझर, एक्स्टेन्शन आणि माउससोबत आलेलं सॉफ्टवेअर, तिघंही एकाच हालचालीला मऊ करत बसले होते.

हे असं चालतं. चाकाची एक खाच म्हणजे विंडोजसाठी १२० एककांचा एक संकेत, आणि मूळ सेटिंगनुसार त्याच्या तीन ओळी. ही उडी छोट्या छोट्या पावलांत वाटून दाखवणं म्हणजे स्मूद स्क्रोलिंग. माउसच्या सॉफ्टवेअरने त्या संकेताचे आधीच तुकडे केले, तर ब्राउझर प्रत्येक तुकड्याला पुन्हा मऊ करतो आणि पान लोण्यावरून घसरल्यासारखं वाहवत जातं. एक्स्टेन्शनचा त्रास त्याहून मोठा. ब्राउझर एरवी स्क्रोलिंगचं काम पानाच्या बाकीच्या कामापासून वेगळं ठेवतो, म्हणून पान जाहिराती लोड करण्यात गुंतलेलं असलं तरी ते सरकत राहतं. पण एक्स्टेन्शन चाकाचा संकेत स्वतःच्या हातात घेतं आणि ब्राउझरला दर वेळी त्याच्या उत्तरासाठी थांबावं लागतं. म्हणजे हलक्या पानावर लोणी आणि जड पानावर खडी. म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे: स्क्रोलिंगसाठी एक्स्टेन्शन टाकूच नका, असेल तर काढून टाका.

काढण्याचा क्रम असा ठेवा. आधी एक्स्टेन्शन काढा आणि ब्राउझर बंद करून उघडा. मग माउसच्या सॉफ्टवेअरमधलं स्मूद स्क्रोलिंग बंद करा. प्रत्येक बदलानंतर त्याच पानावर चाकाच्या दहा खाचा सावकाश फिरवा. एका वेळी एकच बदल; दोन केले की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

यानंतर पान मऊ सरकण्याऐवजी टणाटण उड्या मारू लागलं, तर विंडोजच्या अॅक्सेसिबिलिटीत व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये ‘अॅनिमेशन इफेक्ट्स’ बघा. कॉम्प्युटर फास्ट करायचा म्हणून लोक हे सर्रास बंद करतात, आणि क्रोम ते ऐकून स्वतःचं स्मूद स्क्रोलिंगही थांबवतं. चालू करा. (हलत्या पडद्याने गरगरतं अशांनी मात्र ते बंदच ठेवावं, तो पर्याय त्यांच्यासाठीच आहे.) फायरफॉक्समध्ये ‘यूज स्मूद स्क्रोलिंग’ची खूणही तपासा.

उडी मोठी वाटत असेल तर माउसच्या सेटिंग्जमध्ये ओळींची संख्या तीनवरून दोन करा. एक करू नका, दिवसभरात बोट दुखतं.

फायरफॉक्सवाल्यांना आणखी एक सोय आहे. पत्त्याच्या पट्टीत about:config टाइप करून उघडणाऱ्या ‘अबाउट कॉन्फिग’ पानावर ‘माउसव्हील डॉट ड्युरेशन’ (mouseWheel.duration) शोधलं की किमान आणि कमाल असे दोन आकडे मिलिसेकंदांत मिळतात. एका उडीला किती वेळ द्यायचा, ते हे आकडे ठरवतात. २०० मिलिसेकंदांत ६० हर्ट्‌झचा स्क्रीन १२ चित्रं दाखवतो, १४४चा जवळजवळ २९. म्हणून आधी रिफ्रेश रेट नीट करा, मगच इथे हात घाला. मी दोन्ही १५० ठेवतो. ४००च्या पुढे पान पुन्हा तरंगायला लागतं.

एवढं करूनही खाली जाता जाता पान मध्येच वर उडी मारत असेल, तर चाकाखालचा एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा भाग, धुळीने भरलाय किंवा झिजलाय. हवेचा फवारा मारून बघा. झिजला असेल तर कुठलंही सेटिंग कामाचं नाही. वायरलेस माउस अधूनमधून गप्प होत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ पोर्टपासून दूर न्या. त्या पोर्टमधला गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर माउसच्या शेजारी, टेबलावरच ठेवा.