सगळीच ब्राह्मी नसते! तळ्याकाठची रानफुलं ओळखताना या चुका टाळा

पोळा होऊन गेला होता. गिरणेच्या बाजूच्या एका पाझर तलावाच्या काठावर मी जमिनीलगत पसरलेला बारीक वेल उचलून सोबतच्या पोरांना ऐटीत सांगितलं, "ही ब्राह्मी." शेजारी शेळ्या चारणारे बाबा बसले होते. त्यांनी मानही न वळवता म्हटलं, "भाऊ, हाई ब्राह्मी नही शे."

त्यांचंच खरं होतं. पानांच्या टोकाकडे करवतीसारखे दाते होते. लांब दांड्यावर जांभळट बोंड आणि त्याभोवती पांढऱ्या फुलांचं कडं. ती होती जलपिंपळी.

माझी पहिली चूक नावावर विसंबण्याची. 'ब्राह्मी' म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती चालतात. नीरब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी, हिची पानं मांसल, चमच्यासारखी, दात्यांशिवाय आणि समोरासमोर. पानाच्या बेचक्यात एकेक फिकट निळसर-पांढरं फूल, ५ पाकळ्या, ४ पुंकेसर. दुसरी मंडूकपर्णी. ती कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली. लांब देठावर गोलसर, मूत्रपिंडासारखं पान. दोन्ही शेजारी ठेवली तर गोंधळ होण्याचं कारणच नाही, पण आपण ठेवतो कुठे? आणि ओळख पटली तरी स्मरणशक्ती वाढावी म्हणून काठावरचा पाला चावू नका. आजूबाजूच्या कपाशीवर फवारलेलं पावसाच्या पाण्याबरोबर त्याच तळ्यात उतरतं.

दुसरी चूक मोबाइलची. सगळे फोटो वरून, फुलाचा चेहरा तेवढा. कुमुदिनीच्या बाबतीत हे फार नडतं. पान कमळासारखं तरंगतं, म्हणून लोक तिला 'छोटं कमळ' म्हणून मोकळे होतात. पाण्यात हात घालून देठ चाचपडा. कमळ-पोयणीत पान आणि फूल तळातून वेगवेगळ्या देठांनी वर येतात; कुमुदिनीची फुलं पानाच्या अगदी खालूनच, झुपक्याने निघतात. मग पाकळी जवळून बघा. आतून पांढऱ्या लवेने झाकलेली आणि फुलाचा मध्य पिवळा असेल तर निम्फॉइडिस इंडिका. लव नसून मधोमध उभी, चुण्यांची पट्टी असेल तर निम्फॉइडिस हायड्रोफिला. फूल एका दिवसाचंच; दुपारी गेलात तर बघायला लगदा उरतो. म्हणून सकाळी जा.

पानाच्या आकारावर सगळा भार टाकणं ही माझी जुनी खोड. लिम्नोफिला या पाणवनस्पतीची पाण्याखालची पानं केसासारखी चिरलेली असतात आणि त्याच खोडावर पाण्याबाहेर वेगळीच, कमी चिरलेली किंवा अखंड. माझ्या वहीत एका वर्षी त्याच्या दोन 'प्रजाती' होत्या. खोड खालपर्यंत बघितलं असतं तर एकच झाड सापडलं असतं.

पाण्यात मुळांशिवाय तरंगणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या युट्रिक्युलॅरियातही तसंच. पाण्यातल्या बारीक फुग्यांत किडे पकडणाऱ्या या वनस्पती. फुलं जवळपास सारखी दिसतात, तेव्हा फुलाचा दांडा बघा: त्यावर फुगीर तरंग्यांचं चाकासारखं कडं असेल तर स्टेलारिस ही प्रजाती, नसेल तर ऑरिया या प्रजातीकडे वळा. दांडा उपटू नका, दोन बोटांनी जरा वर उचला, फोटो काढा आणि सोडून द्या.