आईच्या इरकलीचा कुर्ता

गिरगावच्या घरात आईची एक इरकली वीसेक वर्षं पेटीत पडून होती. नेसायला कोणी काढत नव्हतं आणि बोहारणीच्या हाती द्यायला मन होत नव्हतं. शेवटी मी तिचा कुर्ता शिवला, तो आता आठवड्यातून एकदा तरी अंगावर असतो. तुमच्याकडेही अशी साडी असेल तर शिवायला बसण्याआधी हे वाचा.

आधी साडी पूर्ण उलगडून खिडकीच्या उजेडात धरा. वीतभर कापड दोन्ही हातांत घेऊन हलकेच ताणत पुढे सरका. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम नेमकं त्या घडीवर विरतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातली ओल त्यात भर घालते. नेसलेली साडी असेल तर कंबरेशी खोचतो ती जागा, पायाशी घासणारा भाग आणि खांद्यावरची पिनेची भोकंही तपासा. विरलेल्या जागेभोवती रंगीत दोऱ्याचे सैल टाके घालून खूण करा. सगळीकडेच जाळी पडली असेल तर कुर्त्याचा नाद सोडा. थरावर थर घालून तिची गोधडी छान होईल, आणि धड असलेला काठ काढून दुसऱ्या साध्या कुर्त्याला लावता येईल.

मग फॉल उसवा. दोरा ओढू नका, चार-पाच टाक्यांवर कापत जा. सुईची भोकं राहिली तर पाण्याचा हलका हात लावून नखाने उभं-आडवं घासा आणि उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. बरीचशी बुजतात.

ओला पांढरा रुमाल काठावर दाबून धरा. रंग लागला तर ड्रायक्लीनला द्या, लागला नाही तर गार पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. अस्तराचं कापडसुद्धा शिवण्याआधी भिजवायचंच. माझ्या पहिल्या कुर्त्याच्या वेळी मी ते टाळलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, वरचं रेशीम गोळा झालं आणि सगळा कुर्ता पुन्हा उसवावा लागला.

आता कापणं. साडी साधारण ५.५ मीटर लांब असते आणि पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ ते ४७ इंच. दुकानातल्या कापडासारखा लांबीत कुर्ता कापलात तर एवढा सुंदर काठ बाजूच्या शिवणीत जातो. म्हणून कापड आडवं घ्या, पन्हा हीच कुर्त्याची उंची. एक काठ खाली घेराला राहील, वरचा कापून बाह्यांना लावता येईल. समजा पन्हा ४६ इंच आहे आणि वरचा ४ इंचांचा काठ निघाला, तर उरले ४२. खांद्याच्या शिवणीत थोडं जाऊन ४१ इंचांचा कुर्ता होतो. खालची किनार विणलेलीच असल्यामुळे दुमडायला कापड लागत नाही. याहून लांब हवा असेल तर वर वेगळ्या कापडाचा योक, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंतचा तुकडा, जोडा.

काठ सरळ असतो, हे कापताना विसरू नका. खालचा घेर गोल कापता येत नाही, आणि बाजू फार तिरक्या घेतल्या तर दोन्ही टोकं लोंबतात. काखेपासून खाली प्रत्येक बाजूला दीड-दोन इंचच उतार द्या आणि चालायला मोकळं व्हावं म्हणून बाजूला कट ठेवा. जास्त घेर हवा असेल तर योकखाली चुण्या घाला.

मापासाठी अंगाला नीट बसणारा एखादा कुर्ता वर्तमानपत्रावर ठेवून रेघ मारा, मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि गळा काळजीपूर्वक. शिवणीला पाऊण इंच आणि बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवा. जुनं रेशीम कमी मायेवर शिवणीतून निसटतं. दोऱ्याच्या खुणा टाळून कागद मांडा, मगच कात्री.

पुढचा, मागचा भाग आणि बाह्या मिळून साधारण दोन मीटर कापड जातं. बाकी पदरासकट ओढणीला ठेवा. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे लांबीतले धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो. तो जोड बोटाला जाणवतो. तिथे कात्री लावू नका, जोडाच्या आधीचं अंगाचं मीटर-दीड मीटर कापड ओढणीत घेऊनच ती कापा.

शिवताना सुई ११ नंबरची आणि दोरा बारीक. टाका अगदी लहान करू नका, जवळजवळच्या भोकांच्या ओळीवर रेशीम फाटतं. प्रत्येक भागाला आधी मलमलचं अस्तर धावदोऱ्याने जोडून घ्या आणि मग दोन्ही एकच कापड समजून शिवा. मुंबईच्या घामाला मलमलच बरी. ती मंगलदास मार्केटमध्ये किंवा दादरला मिळते, लेस आणि बटणं भुलेश्वरला. मशीन नसेल तर कापलेले भाग टेलरकडे द्या, पण काठ खालीच राहणार हे सांगून नव्हे, टाचण्या लावून दाखवून या.

बाह्यांना लावून उरलेल्या काठाचे दीड इंचाचे गोल कापा, कडेने दोरा ओवून आत कापूस भरा आणि आवळा. गळ्यामागच्या नाडीला टोकांशी तेच गोंडे शोभतात.