खुब्याचा सांधा बदलल्यानंतर गुण मोजताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक शस्त्रक्रियेच्या आधीच होते: रुग्णाची तेव्हाची स्थिती कोणी लिहूनच ठेवत नाही. सहा महिन्यांनी ऑक्सफर्ड हिप स्कोअर (खुब्याचे दुखणे व हालचाल यांविषयी रुग्णाने स्वतः द्यायच्या उत्तरांचे गुण) ३६ आला, तर तो ३० वरून वाढला की १० वरून, हे मग कशावरून ठरवायचे? "आधी फार दुखायचे" एवढ्या आठवणीवर विसंबता येत नाही.

या स्कोअरमध्ये १२ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ४ गुण असतात. एकूण ४८, आणि जास्त तितके चांगले. १९९६ च्या मूळ पद्धतीत मात्र १२ ते ६० गुण होते आणि कमी तितके चांगले. म्हणजे १८ हा आकडा जुन्या पद्धतीत समाधानाचा, तर नव्या पद्धतीत काळजीचा. जुना आकडा ६० मधून वजा केला की नवा मिळतो. तरीही नोंदीत पद्धत लिहावीच.

उत्तर कोण देतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. चोपडा-यावलकडची आजी समोर बसलेली असते आणि "काही त्रास नाही" असे मुलगाच सांगून मोकळा होतो. आजीला विचारले तरी "खुबा दुखतो का?" याला ती नाही म्हणते, कारण तिच्या लेखी ती कंबर असते. जांघेवर हात ठेवून "आठे दुखस का?" (इथे दुखते का?) असे अहिराणीत विचारले, की उत्तर बदलते. पायमोजे घालण्याचा प्रश्न तर तिच्यासाठी गैरलागूच. तिथे अंदाजाने गुण न भरता जागा रिकामी ठेवावी. दोनपर्यंत उत्तरे नसल्यास त्यांच्या जागी उरलेल्या उत्तरांची सरासरी धरता येते, त्याहून जास्त राहिल्यास बेरीज करू नये.

मांडी घालणे किंवा उकिडवे बसणे यांविषयी हा स्कोअर विचारत नाही. ते वेगळे नोंदवावे, पण "बसता येत नाही" आणि "डॉक्टरांनी मनाई केली आहे" या दोन नोंदी एक समजू नयेत.

नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे खुबा निकामी झालेले तरुण रुग्णही येतात. त्यांची सरासरी सत्तरीच्या रुग्णांत मिसळली, तर ती कोणाचीच राहत नाही.

शेवटी, फेरतपासणीला न आलेला रुग्ण बरा झाला असे गृहीत धरू नये. तो ऊसतोडीला गेलेला असू शकतो. गावातल्या नातेवाइकाचा फोन नंबर शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावा, आणि होळीला माणसे गावी परततात तेव्हा भेट झाली, तर किती महिने उलटले तेही गुणांशेजारी लिहावे.